बारा रुपयांत धुळे

लोक काश्मीरला जातात, कन्याकुमारीला जातात आणि परत आल्यावर लिहितात. मी धुळ्याला जाऊन आलो. नाशिकहून धुळे काही परदेश नाही. सकाळी चहा पिऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथं पोचतो, आणि पोचल्यावर उन्हाला शिव्या देत पंखा शोधतो. त्यात लिहिण्यासारखं काय, असं कुणीही विचारील. पण येऊन पंधरा दिवस झाले तरी माझा राग उतरलेला नाही. बायको म्हणाली, "एकदाचं लिहून टाका, नाहीतर दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसत बसाल." म्हणून लिहितो आहे.

दुकानाचं आधी सांगतो. नाशिकच्या मेनरोडमागच्या गल्लीत माझं साड्यांचं लहान दुकान आहे. गल्ल्याच्या मागं वडिलांनी लावलेली पाटी आहे, 'एकच भाव'. गिऱ्हाईक पायरी चढलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "काय, लग्नाचं का?" तो विचारायचा तो साडी कुठल्या फळीवरून काढायची हे कळावं म्हणून. भाव साडीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो आणि तो डॉक्टरांच्या बायकोला जो, तोच भाजीवाल्या बाईला. यात मी काही मोठं पुण्य करतो असं नाही, आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे. पण असा माणूस प्रवासी गाड्यांच्या तावडीत सापडला म्हणजे त्याचं काय होतं, ते पुढं कळेलच.

यंदा, म्हणजे पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, माझ्या भाचीचं, मंदाचं लग्न होतं. माझी थोरली बहीण, शकूताई, धुळ्याच्या पलीकडे बोरखेड्याला दिलेली. मी तिचा एकुलता एक भाऊ, म्हणजे मंदाचा एकुलता एक मामा. मुलीला हाताला धरून अंतरपाटापाशी आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे मामाचं काम. अंगावरची पिवळी साडीही मामाचीच. मंदा सहा वर्षांची असल्यापासून म्हणायची, "मामा, माझी साडी तू तुझ्या दुकानातली नाही आणायची. विणून आणायची." तशी मी येवल्याहून विणवून आणली होती. विणकरानं उशीर केला, म्हणून बायको-मुलांना एसटीच्या लाल गाडीनं दोन दिवस आधी पुढं पाठवलं आणि मी साडीसाठी मागं थांबलो. मुहूर्त गोरज होता, सूर्य मावळायच्या वेळचा. सकाळी निघून दुपारी पोचायचं, असा माझा सरळ बेत होता.

द्वारका

लग्नसराईत लाल गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. म्हणून मी द्वारकेच्या चौकात आलो. आग्रा रोडला जाणाऱ्या खासगी गाड्या इथून सुटतात. आता नव्यानं व्हिडिओवाल्या गाड्याही निघाल्या आहेत. रस्त्याच्या एका अंगाला निळी गाडी उभी होती, दुसऱ्या अंगाला पिवळी. निळ्या गाडीचा एजंट बापू, पिवळीचा अण्णा. ही नावं मला तिथं पाच मिनिटांत कळली, कारण दोघं एकमेकांची नावं घेऊन शिव्या घालत होते.

"धुळे पंचवीस! पिक्चर फुकट!" बापू ओरडला.

"धुळे बावीस!" अण्णा.

"वीस! गादीची सीट!"

"अरे बाप्या, तुझ्या गाद्यांत ढेकूण हायेत. धुळे सोळा!"

भाडं उतरेल तसे लोक पिशव्या घेऊन रस्ता ओलांडायचे, पुन्हा उतरलं की परत यायचे. एक म्हातारबा तर तीनदा इकडून तिकडे गेले. रसवंतीवाला घुंगरं थांबवून मजा बघत होता. शेवटी अण्णानं टोपी काढून हवेत फिरवली आणि म्हणाला, "बारा! जा, बारा रुपयांत धुळं! बाप्या, आता बोल!"

बापूनं कपाळावर हात मारला आणि निळ्या गाडीच्या पायरीवर बसला. माझ्यातल्या व्यापाऱ्यानं तेव्हाच विचार करायला हवा होता. डिझेल काही अण्णाच्या शेतात पिकत नाही. पण स्वस्त माल दिसला की व्यापारीही गिऱ्हाईकच होतो. दोघं भांडतायत, आपला फायदा, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

अण्णा माझ्याकडे आला. कपाळाला बुक्का, आवाजात साखर. "या शेठ. धुळ्यालाच ना? काय काम काढलंत?"

आता आपल्याकडची रीत बघा. कुणी निघालेला दिसला की कुठं निघालात, काय काम, कुणाकडं, हे विचारायचं. न विचारणारा माणूस शिष्ट ठरतो. आणि ज्याला विचारलं त्यानं सगळं सांगायचं. मी सगळं सांगितलं. भाचीचं लग्न, बोरखेडे, गोरज मुहूर्त, मी एकटाच मामा. त्यानं साडी बघायला मागितली, तर भर चौकात खोका उघडून पदर दाखवला.

"वा! काय काठ हायेत!" अण्णा म्हणाला. "मामाशिवाय नवरी बोहल्यावर चढत न्हाई, शेठ. तुम्हाला पोचवणं म्हणजे आमचंच कार्य." मग त्यानं पिवळ्या गाडीच्या कंडक्टरला, रघूला, बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं. मला वाटलं, चांगली खिडकी द्यायला सांगतोय. खिडकी मिळालीही.

माझ्या मागून सिंधूबाई चढल्या. देवळ्याकडच्या, पन्नाशीच्या. भावाकडे नाशिकला आल्या होत्या आणि तिथंच निरोप मिळाला की धुळ्याला लेकीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलंय, अडलीय. अण्णानं त्यांनाही तितक्याच मायेनं विचारलं आणि त्यांनीही तितकंच खरं सांगितलं. "काळजी करू नका, मावशी," अण्णा म्हणाला. त्यांचेही बाराच रुपये घेतले.

ओझरवरून चांदवड

गाडी भरली नव्हती, अर्धी रिकामी होती. मला त्याचंही काही वाटलं नाही. शेजारी जाधव नावाचा तरुण बसला होता, बँकेत कारकून, दर पंधरवड्याला घरी धुळ्याला जाणारा. व्हिडिओ लागला आणि ओझरच्या आत बंद पडला. डोक्यावरून लढाऊ विमान कानठळ्या बसवत गेलं. मी जाधवांना म्हटलं, "आपल्याला बारा रुपयांत धुळं म्हणजे गंमतच. विमानाचं मेलं भाडं सरकार ठरवतं, एक पैसा इकडं की तिकडं होत नाही."

"विमानं या लोकांच्या हातात गेली ना," जाधव म्हणाले, "की तिथंही शेजारी बसलेल्या दोघांचं भाडं वेगळं निघेल."

मला तो विनोद वाटला आणि मी मोठ्यानं हसलो. पिंपळगावच्या पुढं द्राक्षांच्या बागा छाटून उघड्याबोडक्या उभ्या होत्या. वडाळीभोईपासून कांद्याचे ढीग सुरू झाले. चांदवडचे डोंगर समोर आले तेव्हा अकरा वाजत होते. मी मनात म्हटलं, दोन वाजता ताईच्या ओसरीवर पाणी पीत असेन.

चांदवड

डोंगराच्या पायथ्याशी एका धाब्यावर गाडी थांबली. तिथं निळी गाडी आमच्या आधीच उभी होती. तीही अर्धी रिकामीच. आणि बाजेवर निळ्या गाडीचा ड्रायव्हर बसला होता. आमचा ड्रायव्हर उतरला, सरळ त्याच्याकडे गेला आणि दोघं एका ताटात शेवभाजी खायला लागले. सकाळी यांचेच एजंट एकमेकांची आई-बहीण काढत होते.

इथली शेवभाजी तिखटजाळ असते. आपली नाशिकची मिसळ तिच्यापुढं अगदी गरीब. ते मी एरवी चवीनं लिहिलं असतं, पण माझा घास हातातच राहिला. रघू गाडीच्या पायरीवर उभा राहून ओरडला, "गाडी तापली! पुढं जायची न्हाई! सामान काढा, निळ्या गाडीत बसा. तिचं भाडं निराळं हाय, फरक द्यावा लागंल."

"किती फरक?" कुणीतरी विचारलं.

"येतो ना, एकेकाला सांगतो."

आणि तो खरोखरच एकेकाला बाजूला घेऊन कानात सांगायला लागला. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात, तसा. माझ्याजवळ आला तेव्हा दात दाखवत म्हणाला, "मामा, तुमचे पन्नास."

"कशाचे पन्नास? सकाळी तुझी ही निळी गाडी पंचवीसवर होती!"

"सकाळचं सकाळी. गोरज मुहूर्त हाय ना तुमचा? नवरी खोळंबंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोरज मुहूर्त मी याला सांगितला नव्हता. मी अण्णाला सांगितला होता. म्हणजे सकाळी याच्या कानात गेलं ते खिडकीचं नव्हतं. मी तिथंच उभा राहून ओरडलो, "सगळ्यांनी आपापला आकडा मोठ्यानं सांगा! किती मागितले?"

लोक आधी लाजले. मग सिंधूबाई म्हणाल्या, "माझ्याकडं चाळीस मागतोय." एका म्हाताऱ्यानं वीस सांगितले, तो मालेगावला नातवाला भेटायला चालला होता. कोर्टाची तारीख असलेल्या माणसाला पस्तीस. मी जाधवांकडे वळलो.

"मला तीन," जाधव शांतपणे म्हणाले.

"तीन? तुम्हाला तीन आणि मला पन्नास?"

"ही पिवळी धुळ्याला कधी जातच नाही, मामा. इथून चांदवडची माणसं भरून परत नाशिकला जाते. सकाळी स्वस्त ओरडून दोन्ही गाड्यांत माणसं गोळा करायची, इथं आणून एकीत ओतायची आणि ज्याची जेवढी अडचण तेवढं काढायचं. ते अण्णा-बापूचं भांडणही रोजचंच आहे."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं की. म्हणून मी अण्णाला काही सांगत नाही. विचारलं की म्हणतो, सहज चाललोय. ज्याला घाई नाही, त्याच्याकडून काय काढणार?"

इतका वेळ माझ्या शेजारी बसून, विमानावर विनोद करून, हा माणूस एवढं पोटात ठेवून होता! मी म्हटलं, "मग गाडीत बसताना सांगायला काय झालं होतं?" तर म्हणाला, "तुम्ही तोपर्यंत सगळं सांगून बसला होतात." त्या क्षणी मला रघूपेक्षा या जाधवांचा जास्त राग आला. रघू निदान उघड लुटत होता.

मी सगळ्यांना म्हटलं, "कुणीही काही द्यायचं नाही. सगळ्यांना एकच भाव सांगेपर्यंत आपण इथंच बसू." लोकांनी माना हलवल्या. दोघा-तिघांनी तर माझ्या पाठीवर थाप मारली. रघूनं काय केलं? वाद नाही, शिवी नाही. त्यानं चहा मागवला आणि बाजेवर आडवा झाला. त्याला माहीत होतं की उशीर आमचा होतोय, त्याचा नाही.

बारा वाजले. ऊन असं की कौलं करपतील. कोर्टवाला पहिला उठला, मान खाली घालून पस्तीस देऊन आला. मग म्हातारा. मग एकेक करत बाकीचे. जाता जाता मला सांगत होते, "मामा, तुमचं बरोबर हाय, पण काय करणार." आता सगळेच मला मामा म्हणत होते. एक वाजला तेव्हा बाकी आम्ही दोघंच, मी आणि सिंधूबाई.

सिंधूबाईंजवळ एवढे पैसे नव्हते. रघू म्हणाला, "आत्ता देऊ नका. धुळ्याला जावई येतील ना घ्यायला, त्यांच्याकडून घेतो."

त्या बाईचा चेहरा मी विसरणार नाही. "जावयापुढं पैशासाठी हात पसरू? पोरगी आत मरणाच्या दारात आन् मी दारात भाड्याला भांडू?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दादा, तुमचं खरं हाय. लय खरं हाय. पण द्या ना आता. माझी लेक हाय हो तिथं."

मी माझे पन्नास दिले, त्यांचे कमी पडले तेही दिले. रघूनं नोटा मोजल्या आणि हसत मला म्हणाला, "सकाळीच दिले असते तर एव्हाना मालेगाव मागं पडलं असतं, मामा."

'एकच भाव' पाटीखाली पंचवीस वर्षं बसलेला माणूस मी. माझ्या तोंडावर असं आजवर कुणी हसलं नव्हतं. हात उचलला होता, पण सिंधूबाई हाताला धरून ओढत होत्या.

मालेगावावरून धुळे

निळी गाडी खच्चून भरली होती. बैलगाडीतल्या कडब्यासारखे आम्ही कोंबले गेलो. मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट रस्त्यापर्यंत येतो. तिथं ड्रायव्हरनं आणखी माणसं घेतली, त्यात बराच वेळ गेला. मी चिडून ओरडलो तर सगळी गाडी माझ्याकडं कौतुकानं बघून हसली. एकानं दुसऱ्याला सांगितलं, "हे मामा हायेत. भाचीचं लगीन हाय आज." पन्नास रुपयांचे मामा, असंही कुणीतरी मागून म्हणालं.

वाटेत मी एक गोष्ट केली. साडीचा खोका मोडून फेकून दिला. साडी घडी करून धोतरजोडीच्या आत, पिशवीच्या तळाशी दडवली. वरून बघणाऱ्याला मी कोण, कशाला चाललो, काही कळू नये असा बंदोबस्त केला. पुढं कुणी विचारलं तर काय म्हणायचं ते मी गाडीतच मनाशी घोकून ठेवलं.

धुळे आलं तेव्हा पाच वाजले होते. सिंधूबाईंचे जावई स्टँडवर उभे होते. ते हसत होते. मुलगी झाली होती, बाळबाळंतीण सुखरूप. बाई तिथंच फतकल मारून बसल्या आणि रडायला लागल्या. मलाही डोळे पुसावे लागले. त्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट सरळ झाली.

बोरखेडे तिथून तासाभराच्या वाटेवर, आत. चारची लाल गाडी गेली होती, पुढची आठला. स्टँडबाहेर लिंबाखाली एक टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर, डोक्याला गमछा बांधलेला, चाळिशीचा, प्रत्येक येणाऱ्या गाडीकडे धावत जायचा, आत डोकवायचा आणि परत यायचा. मी त्याला विचारलं, "बोरखेड्याला जाणार का?"

"जाणं शे ना. कोना घर?"

झालं. आला प्रश्न. "कुणाच्या घरी नाही. फाट्यावर उतरायचंय."

"नाशिकथून उनात का?" आलात का, असं त्याच्या बोलीत.

"नाही. मालेगाव."

"लगीनले उनात?"

"छे. सहज."

त्यानं माझ्या पिशवीकडे बघितलं. मी विचारलं, "किती घेणार?"

"पैसा काय लेऊ? माले तठेच जाणं शे. बठा. एक पाहुना ई ऱ्हायना, तेले लिसन जाऊत."

मी मनात म्हटलं, हे आणखी वरचे निघाले. भाडं आधी सांगायचंच नाही! उतरताना गळा धरायचा. आणि पाहुणा येतोय, त्याला घेऊन जाऊ म्हणे! सीटा भरायच्या आहेत असं सरळ सांग ना. त्यानं गाडीतली कळशी पुढं केली, वर गुळाचा खडा दिला. आपल्याकडे नाशिकला पाणी विचारतात, खानदेशात पाण्याबरोबर गूळही देतात. मी गूळ घेतला नाही. म्हटलं, याचेही पैसे लावील.

पाऊण तास गेला. ऊन तिरपं झालं. मी म्हटलं, "अहो, निघायचं ना?"

"तुमले काय घाई शे? फाटावर तर उतरनं शे."

घाई आहे म्हटलं की भाव चढतो, हे मी चांदवडला पन्नास रुपये मोजून शिकलो होतो. मी नुसते दात-ओठ खाल्ले. दुसरं वाहन बघायला चौकापर्यंत जाऊन आलो, एकही नव्हतं. तो बिचारा अजून गाड्यांमागं धावत होता. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मला वाटत होतं, किती हावरट माणूस आहे, एका सीटसाठी एवढा पळतोय.

शेवटी सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला तेव्हा तो परत आला आणि टेम्पोच्या फळीला डोकं टेकून उभा राहिला. "निंघूत," तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "दुपारथून उभा शे मी. नवरीना मामा उना नही. पोर सांगस, मामाले लिसनच ये. मी आते तिले काय सांगू?"

मी पिशवी घेऊन उभा राहिलो. मग मी म्हटलं, "मंदा?"

त्यानं चमकून पाहिलं. मी पिशवीत हात घालून धोतरं बाहेर फेकली आणि पिवळी साडी वर काढली.

"मीच मामा."

तो साडीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "आन् मी इतला इचारं, तर तुमी माले काबर नही सांगं?"

बोरखेडे

त्यानं टेम्पो जीव खाऊन हाकला. गावाच्या वेशीवर आलो तेव्हा अंधारून यायला लागलं होतं आणि बँड वाजत होता. मंगलाष्टकं संपल्यावर वाजतो तो.

मांडवात शिरलो. ताईच्या घरच्यांनी भटजींच्या हातापाया पडून शेवटच्या घटकेपर्यंत वाट बघितली होती. मुहूर्त टळायला लागला तेव्हा शेजारचे नाना मामा म्हणून उभे राहिले. मंदाच्या अंगावर ताईच्या लग्नातली जुनी साडी होती, घड्यांवर विरलेली. माझी साडी माझ्या हातात चोळामोळा होऊन राहिली. टेम्पोवाल्यानं कुणाला काही सांगितलं नाही. तो मागच्या बाजूला जाऊन चूळ भरून जेवायला बसला.

मंदा पाया पडायला आली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं वाटलं असतं. तिनं काळजीनं विचारलं, "मामा, गाडी नाही का सापडली? दुपारपासून पाठवली होती आम्ही."

"सापडली," मी म्हटलं.

जेवण फार चांगलं होतं. वरण-बट्टी, वर तुपाची धार, घोटलेली वांग्याची भाजी. आमच्याकडं पंगतीत बुंदी वाढतात, इथं बट्टी मोडून द्यायला माणूस शेजारी उभा राहतो. ताईनं स्वतः वाढलं आणि मला एक शब्द विचारला नाही. मी अण्णाचा विचार करत होतो. माझे पन्नास गेले त्याचं काही नाही, लग्नाचा आहेर म्हणून सोडून दिले. पण पंचेचाळीस वर्षं मी विचारणाऱ्याला खरं सांगत आलो होतो, आणि या माणसांनी एका दुपारीत मला असं करून टाकलं की गूळ-पाणी घेऊन माझ्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला मी चोर समजलो. हे कुठल्या भाड्यात धरायचं?

पुन्हा द्वारका

परतीला आम्ही लाल गाडीत उभ्यानं आलो. दोन दिवसांनी मी दुकान उघडायच्या आधी मुद्दाम द्वारकेला गेलो. अण्णाची गचांडी धरायचीच, असं ठरवून.

निळी आणि पिवळी गाडी उभ्या होत्या. "धुळे अठरा!" बापू ओरडत होता. "पंधरा!" अण्णा. मी अण्णासमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं मला ओळखलं नाही. खरंच ओळखलं नाही. रोज एवढे मामा येत असतील, त्यातला मी कुठला त्याच्या लक्षात राहणार?

"या शेठ," तो म्हणाला. "कुठं? काय काम काढलंत?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात एक म्हातारी गाठोडं घेऊन मधे आली. अण्णा तिच्याकडं वळला, आवाजात तीच साखर. "या आजी, या. कुठं निघालात? काय काम?"

म्हातारी थांबली, गाठोडं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. सांगायला आता सुरुवात करणार, हे दिसत होतं.

"आजी, त्याला काही सांगू नका!" मी ओरडलो. इतक्या जोरात की रसवंतीवाल्यानं मान वर केली. "एक अक्षर सांगू नका! सहज चाललेय म्हणा!"

म्हातारी दचकली. तिनं माझ्याकडं, माझ्या उगारलेल्या हाताकडं पाहिलं, घाईनं गाठोडं उचलून छातीशी धरलं आणि माझ्यापासून दूर, अण्णाच्या जवळ सरकली. मग त्याच्या दंडाला धरून हळू आवाजात ती त्याला सगळं सांगायला लागली.